उजवीकडची जागा

माझे सासरे खुशालराव उभ्या आयुष्यात एकाच ठिकाणी बायकोचं ऐकत आले, ते म्हणजे गाडीत. घरात त्यांचा शब्द शेवटचा. मुलाचं लग्न, वावरातलं पीक, दिवाणखान्याच्या पडद्यांचा रंग, सगळं तेच ठरवणार. पण एकदा गाडीत बसले की दुर्गाबाई म्हणतील ती पूर्व दिशा. त्या ‘थांबा’ म्हणाल्या की थांबायचं, ‘निंगा’ म्हणाल्या की निघायचं.

याला कारण ती गाडीच. अमेरिकन मस्टँग. मुंबईतल्या कुणा परदेशी साहेबानं मायदेशी जाताना विकलेली आणि मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ऐन तारुण्यात, कापसाचं एक बरं वर्ष हाती लागताच, बापाशी भांडून अमरावतीला आणलेली. निळा रंग, दोनच दारं, खाटेएवढं लांब बॉनेट आणि पुढच्या जाळीवर धावणारा घोडा. त्या घोड्यामुळं लोक तिला ‘खुशालरावची घोडी’ म्हणत. तिकडची असल्यामुळं तिचं स्टेअरिंग डावीकडे. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या अंगानं चालते, म्हणजे चालवणारा बसणार थेट गटाराच्या कडेला. पुढं ट्रक आला की त्याला ट्रकच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. समोरून कोण येतंय हे दिसतं ते उजवीकडे बसलेल्या माणसाला. त्या जागेवर माझ्या सासूबाई बसत. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

आत्याबाईंनी स्वतः कधी सायकलसुद्धा चालवली नाही. पण समोरचा ट्रक किती लांब आहे आणि किती वेगात आहे, हे त्यांना मामाजींपेक्षा चांगलं कळायचं. त्यांचा ‘निंगा’ आला की मामाजी डोळे झाकून पाय दाबत आणि ती घोडी अशी उसळायची की मागे बसलेले सीटला चिकटायचे. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडासुद्धा आला नाही, याचं श्रेय मामाजी स्वतःच्या हाताला देत आणि आत्याबाई गजानन महाराजांना.

शेवटच्या काही वर्षांत त्यांचं गाडीतलं बोलणं फार वाढलं होतं. ‘पुढं ऑटो हाय. डावीकडून पोरगी चालली सायकलवर. गड्डा हाय, हळू घ्या.’ मागे बसून आम्हाला हसू यायचं. माझा नवरा नितेश त्यांना आकाशवाणी म्हणायचा. ‘आई, बातम्या झाल्या असतीन तं आता एखांदं गानं लाव,’ म्हणायचा. त्या हसायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. म्हातारपणी माणूस बडबडं होतं, त्यात नवल ते काय.

आताच्या अमरावतीत असली गाडी बाळगणं म्हणजे हत्ती पोसणं. प्रत्येक गतिरोधकावर पोट घासतं. उन्हाळ्यात आत भट्टी पेटते. हल्लीच्या पेट्रोलनं तिच्या रबरी नळ्या फुगतात आणि त्या नळ्या इथं मिळत नाहीत. राजकमल चौकात सिग्नलला उभी राहिली की चारी बाजूंनी मोबाइल वर होतात. सिग्नल हिरवा होतो तरी पुढचा दुचाकीवाला मान वळवून फोटोच काढत असतो. ई-रिक्षांच्या गर्दीत तिला पहिल्या गिअरमध्ये रांगताना पाहून मला कधीकधी तिची दया यायची. मामाजींना मात्र त्या रांगण्याचाही अभिमान होता. काच खाली करून, कोपर बाहेर काढून ते असे बसायचे, जणू चौक त्यांच्याच सातबाऱ्यावर आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात आत्याबाई गेल्या. त्याच गाडीत गेल्या.

दोघं चांदूर बाजारजवळच्या आमच्या संत्र्याच्या मळ्यात गेले होते. दुपारी आत्याबाईंच्या छातीत कळ आली. मामाजींनी त्यांना गाडीत घातलं आणि अमरावतीकडे निघाले. वलगावपर्यंत आले. तिथून शहर हाकेच्या अंतरावर, पण तिथंच गाडी थांबली. इंजिन तापून बंद पडलं, असं त्यांनी सांगितलं. फोनला रेंज नव्हती म्हणाले. बऱ्याच वेळानं एका भाजीच्या गाडीवाल्यानं दोघांना दवाखान्यात पोचवलं. तोवर सगळं संपलं होतं.

नितेशनं त्या दिवसापासून बापाशी सरळ बोलणं सोडलं. ‘तुह्या सासऱ्याले सांग जेवाले बसा,’ असं माझ्यामार्फत चालायचं. गाडीकडे तर तो थुंकल्यासारखा पाहायचा. ‘ह्या भंगारानं माह्या मायचा जीव घेतला,’ हे वाक्य त्यानं पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, कितीदा म्हटलं असेल. आणि मामाजी, ज्यांच्या गाडीवर धूळ बसली असं म्हटलं तरी जे भांडायला उठत, ते खाली मान घालून ऐकून घेत. दुःखानं माणूस मऊ होतो, असं मला वाटायचं.

वर्षभर गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली होती. वर्षश्राद्ध झालं, पावसाळा सरत आला, पितृपक्ष लागला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची नवमी करतात. त्या दिवशी एका सवाष्णीला घरी बोलावून जेवू घालायचं, तिची ओटी भरायची, लुगडं द्यायचं; जेवते ती आणि पोचतं गेलेलीला. आत्याबाईंची ही पहिलीच नवमी. मामाजी म्हणाले, सवाष्ण म्हणून दुर्गाची धाकटी बहीण सुंदराबाईच पाहिजे, अकोल्याची. तिला नवमीच्या आदल्या दिवशी घेऊन येऊ. आणि मस्टँगनंच आणू.

नितेशचं ताट अर्धं होतं. वर्षात पहिल्यांदा तो थेट बापाकडे पाहून बोलला.

“गाडी विकून राहिलो मी. पुन्याचा एक गिऱ्हाईक हाय. तुमाले आता त्या गाडीत पाय ठिवू देत नाई.”

“एक काम करू,” मामाजी म्हणाले. “सीमा रोज गाडी चालवते. थे बसन माह्या बाजूले. अकोल्याले जाऊन येतो. परत आल्यावर सीमानं म्हटलं का मामाजीनं आता गाडी चालवू नये, तं किल्ली तुया हातात देतो. तिनं म्हटलं का चालवू द्या, तं तू माह्या जिवंतपनी विकाचं नाव काढाचं नाई.”

म्हणजे बापलेकांच्या भांडणात सुरी माझ्या हाती. मी बडनेऱ्याला शाळेत शिकवते, रोज गाडीनं जाते-येते, एवढाच माझा गुन्हा. स्वयंपाकघरात नितेश मागोमाग आला.

“काई झालं तरी नाई म्हनजो.”

“पाहून सांगीन,” मी म्हटलं. मला त्याचा राग आला होता. बायको गेली, मुलगा बोलत नाही, एक गाडी उरली आहे म्हाताऱ्याजवळ. तीही पाहिल्याशिवाय कशी काढून घ्यायची? खरं सांगायचं तर मी मनातून ‘चालवू द्या’ म्हणायचं ठरवूनच बसले होते.

अष्टमीला सकाळी निघालो. मूर्तिजापूरवरून चौपदरी रस्ता आहे, पण मामाजी म्हणाले, दर्यापूरवरून जाऊ, हायवेवर तर कोणीही चालवतं. इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारची दोन कुत्री पळाली. मी आत्याबाईंच्या जागेवर बसले. सीटला त्यांच्या बसण्याचा खळगा पडला होता आणि माझ्या पाठीला तो नीट बसत नव्हता.

गल्लीतून, गाडगेनगरातून, नाक्यापर्यंत मामाजींनी गाडी इतकी झोकात काढली की मला नितेशची कीव आली. फक्त दर थोड्या वेळानं ते म्हणायचे, “सांग. बोलत राय. दुर्गा बोलत राहे.” मी बोलत राहिले. पुढे बस आहे. डावीकडे भाजीची हातगाडी आहे. वलगाव आलं तेव्हा मी गप्प झाले, तेही गप्प झाले आणि गाडी एकदम मंदावली. “बोल ना व,” ते म्हणाले. मला वाटलं, त्यांना ती जागा आठवली. मी पुन्हा बोलू लागले आणि गाडी पुन्हा पळू लागली.

खल्लारच्या पुढं कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, भरलेला एक ट्रक लागला. दोन्ही अंगांनी फुगलेला, त्यातल्या काड्या उडून काचेवर येत होत्या. मामाजी त्याच्या मागे नीट अंतर राखून, माझ्या शब्दाची वाट पाहत होते. मी मान बाहेर काढून पाहिलं. एक एसटी गेली, एक ट्रॅक्टर गेला, मग रस्ता मोकळा झाला.

“निंगा,” मी म्हटलं.

काय सांगू, ती गाडी जी गेली! माझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दावर एवढं लोखंड उसळलं, याचं मला हसू फुटलं. मामाजीही हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले. आणि त्याच क्षणी मला दिसलं की ट्रक मागे टाकून डावीकडे येता येता गाडी तशीच येत चालली आहे, थेट कडेनं सायकल हातात धरून चाललेल्या एका माणसाच्या अंगावर. तो डाव्या बाजूला होता, मामाजींच्या अगदी समोर. तो मी त्यांना सांगायचा नसतो, तो त्यांनी पाहायचा असतो.

“उजवीकडं घ्या!” मी किंचाळले. त्यांनी लगेच घेतली. सायकलवाल्याच्या शिव्या मागे राहिल्या. मामाजींनी आरशात पाहिलं नाही, मान वळवली नाही, काय होतं म्हणून विचारलंही नाही.

थोडा वेळ मी सांगत राहिले, जे दिसेल ते. दर्यापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी, रस्ता सरळ, सूर्य डोक्यावर, समोर नजर जाईल तिथवर काही नाही. तेव्हा मी ते केलं. असं कुणाशी करू नये, पण मला खात्री करून घ्यायची होती.

“मामाजी,” मी म्हटलं, “पुढं म्हशी आडव्या आल्या.”

त्यांनी ब्रेक दाबला. मोकळ्या रस्त्यावर गाडी उभी राहिली. त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. मग स्टेअरिंगवर हात ठेवून, समोर पाहत, कपाळाला आठ्या घालून ते वाट पाहू लागले. कपाशीवरून वारा येत होता. समोर काही नव्हतं, एक चिमणीसुद्धा नाही.

“गेल्या का व?” त्यांनी विचारलं.

“गेल्या,” मी म्हटलं.

पुढचा रस्ता मीच त्यांना माझ्या तोंडानं अकोल्याला नेलं. एवढंसंही सोडलं नाही, पांढरा पट्टा किती हातांवर आहे तेसुद्धा सांगितलं. मध्येच थांबवून किल्ली घ्यायला हवी होती, हे मला समजत होतं. पण त्या माणसाला उन्हात, रस्त्याच्या कडेला, तुम्हाला दिसत नाही असं तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सुंदराबाई दारातच होत्या. मामाजींना त्यांच्या नवऱ्याजवळ बसवून त्यांनी मला आत नेलं, पाण्याचा गिलास दिला आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, “समजलं वाटते तुले.”

“तुमाले मालूम होतं?”

“दुर्गा अकोल्याले येत जाय, थे का माह्या भेटीसाठी येत जाय? भाऊजीले डाक्टरकडं आनत जाय. अमरावतीत कोनाले समजू नये म्हनून. काचबिंदू हाय दोन्ही डोयात. गेलेली नजर वापस येत नाई मने डाक्टर. उजेड दिसते, मोठं काई हाललं तं दिसते, बस. घर तं पाठ हाय, म्हनून तुमाले समजलं नाई.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “मी लय भांडली तिच्याशी. म्हटलं, मरसान दोघं. तं मने, गाडी सोडली तं थे खाटेवर पडतीन. मले दिसते ना, बस झालं.”

जेवणं झाल्यावर मी मामाजींसमोर उभी राहिले. येताना शब्द जुळवले होते, ते सगळे विसरले.

“मामाजी, म्हशी नोत्या,” एवढंच म्हटलं.

त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

येताना मी चालवली. सुंदराबाई गुडघे धरून, कण्हत, मागच्या सीटवर चढल्या. मामाजी आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडच्या जागेवर बसले. ती गाडी चालवणं सोपं नाही. क्लच दाबायला पाय नाही, जातं पाहिजे. पण खरी अडचण दुसरीच होती. म्हैसांगच्या पुढं एक टँकर पुढं लागला आणि मला त्याच्या पाठीशिवाय काही दिसेना. आता उजवीकडून सांगणारं कुणी नव्हतं. मी टँकरच्या मागेमागे चालत राहिले, मैलोन् मैल.

समोरून ट्रक यायचे. एकेक ट्रक मामाजींच्या कोपराजवळून सणसणत जायचा, त्याच्या वाऱ्यानं गाडी हलायची. सुरुवातीला ते दरवेळी दचकत होते. मग त्यांनी डॅशबोर्डची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“ह्या बाजूनं सारं अंगावर येते,” ते म्हणाले. “येवढी वर्सं थे इथं बसली. मी तिले एकडावबी नाई इचारलं, तुले भेव वाटते का.”

मागून सुंदराबाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. मला रडू येत होतं आणि रस्ता अरुंद होता.

वलगाव जवळ आलं तसं त्यांनी विचारलं, “आलं का?” मी हो म्हटलं. त्यांनी थांबायला सांगितलं नाही. चालत्या गाडीतच, समोर तोंड करून, त्यांनी सांगितलं.

“गाडी बंद नोती पडली. चालू होती. मायापासून पुढं जानं नाई झालं.” जरा थांबून म्हणाले, “छातीत कळ घेऊन थे सांगत होती. मळ्यापासून वलगावलोक एकेक गोठ सांगत आली. ऑटो हाय, पूल हाय, ढोरं हायेत. थे गप्प झाली आन् मले काईच दिसेना. खाली उतरलो. हात वरते करून उभा रायलो. फोनवरचे आकडे दिसत नोते. लोकं थांबत होते, सीमा. थांबत होते आन् गाडीचे फोटो काढत होते. मी हात जोडून राहिलो, तं एक पोट्टा मने, काकाजी, जरासे बाजूले व्हा.”

टँकर वलगावच्या फाट्याला वळून गेला. पुढचा रस्ता मोकळा होता, तरी माझा पाय पुढे दाबत नव्हता.

“नितेशले काय सांगू?” मी विचारलं. कारण माझ्यापुढं आता तोच प्रश्न होता. नजर अधू झाली म्हणून चालवू नका, एवढं सांगितलं तरी अट पुरी होत होती. बाकीचं झाकून राहिलं असतं. गाडीच्या माथी खापर आहे, राहू द्यावं. लोखंडाला काय त्याचं.

“तू काई नको सांगू,” मामाजी म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. नितेश फाटकाशी उभा होता. मी डावीकडून उतरले हे पाहून त्याला उत्तर मिळालं असावं, कारण त्याचा चेहरा सैल झाला. त्यानं मागचं दार उघडायला म्हणून हात पुढं केला आणि मागे दारच नाही हे आठवून सीट वाकवून मावशीला बाहेर घेतलं. तोवर मामाजी गाडीच्या अंगाला हात लावत लावत पुढं आले. त्यांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि आवाजाच्या अंदाजानं मुलापुढं धरली. ती त्याच्या खांद्याला लागली.

“घे. आन् एक आयक. तुया मायले गाडीनं नाई मारलं.”

मग फाटकातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. काचबिंदू, अकोल्याचे डॉक्टर, मळा, वलगाव, फोन, फोटो. मला सांगितलेलं काही गाळलं नाही, स्वतःला कुठं सांभाळून घेतलं नाही. रस्त्यानं जाणारा एक जण गाडी पाहायला थांबला, आमची तोंडं पाहून निघून गेला. मी नितेशकडे पाहत होते. तो भल्याभल्यांवर तोंड टाकणारा माणूस. आता हा बापाला काय बोलेल, याची मला भीती वाटत होती. गाडीला खुनी म्हणत त्यानं वर्ष काढलं होतं आणि आता बाप म्हणत होता, मी आहे तो.

नितेशनं विचारलं, पण आवाज चढवला नाही.

“आई एकदम गप्प झाली? काई म्हटलं नाई तिनं?”

मामाजींचे ओठ हलले. हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

“म्हटलं ना. थे मने, थांबा. मी म्हटलं, आता थांबलो तं दवाखाना कसा गाठाचा? आलं अमरावती, तू फक्त डावं-उजवं सांगत राय. तं तिनं माह्या हातावर हात ठिवला. मने, थांबा, गाडी बाजूले घ्या. मले आता रस्ता दिसून नाई राहिला.”

नितेश फाटकाजवळच्या पायरीवर खाली बसला आणि बापाला त्यानं हाताला धरून शेजारी बसवलं.